इन्सॅटला शीड कशाला हवे होते?

मागच्या हिवाळ्यात वडवणीच्या एका शाळेत नववी-दहावीच्या मुलांशी बोलायला गेले होते. वडवणी माझे गाव. बीड-परळी रस्त्यावर एसटीतून उतरले की निम्मे लोक अजून वडिलांच्या नावाने ओळखतात. विषय शिक्षकांनीच सुचवला होता : प्रकाशावर चालणारी अवकाशयाने. मी फळ्यावर पतंगासारखा एक मोठा चौकोन काढला, मधोमध छोटेसे यान दाखवले आणि सांगितले की याला इंजिन नाही, सूर्याचा प्रकाशच याला ढकलत नेतो.

मागच्या बाकावरून एका मुलीने हात वर केला. "मॅडम, उजेडाला वस्तुमान नसतं असं तुम्हीच आत्ता म्हणालात. मग तो ढकलतो कसा?" तिच्या शेजारणीने लगेच दुसरा प्रश्न जोडला, "आणि आपल्या इस्रोनं कधी असं शिडाचं यान सोडलंय का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर फळ्यावर गणित मांडून दिले. दुसऱ्याला 'नाही' म्हणाले आणि पुढे गेले. परतीच्या एसटीत बसल्यावर लक्षात आले की हे उत्तर अर्धेच बरोबर होते. शिडाच्या बळावर प्रवास करणारे यान आपण सोडलेले नाही हे खरे. पण शीड बांधलेला उपग्रह आपण १९८२ मध्येच अवकाशात पाठवला होता. ते शीड कुठे जाण्यासाठी नव्हते, जागच्या जागी नीट उभे राहता यावे म्हणून होते. आणि त्या प्रकारच्या शिडाच्या आधाराने काढलेली चित्रे मी याच गावात, लहानपणी, रोज संध्याकाळी बघत होते.

आमच्या आळीत तेव्हा एकच टीव्ही होता. कोणीतरी गच्चीवर जाऊन बांबूला बांधलेला अँटेना फिरवायचे आणि खालून बाकीचे 'आलं, आलं, गेलं' असे ओरडायचे. दूरदर्शनच्या बातम्यांच्या शेवटी हवामानाचा भाग असे. भारताचा नकाशा आणि त्यावर पांढऱ्या ढगांचे पुंजके. जून-जुलैमध्ये हे चित्र लागले की म्हातारी माणसेसुद्धा पुढे सरकून बसत. बीड जिल्ह्यात पावसाची वाट बघणे म्हणजे काय असते ते इथल्या शिक्षकांना सांगायला नको. माझे आजोबा चित्र नीट निरखून म्हणत, "ढग हायेत की, पर आपल्याकडं नाहीत." ते चित्र काढणारा उपग्रह होता इन्सॅट-१बी.

हा उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताच्या वर असे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याच गतीने तोही फिरत असल्याने जमिनीवरून तो एकाच जागी थांबल्यासारखा दिसतो. असा उपग्रह वीज कशी मिळवतो, तर सौरपंखांतून. दळणवळणाच्या उपग्रहांची चित्रे तुम्ही पाहिली असतील : मध्ये पेटीसारखे यान, उत्तरेला एक पंख, दक्षिणेला एक पंख. इन्सॅट-१ मालिकेतल्या उपग्रहांना मात्र एकच पंख होता, दक्षिणेकडे. उत्तरेकडे एक लांब जाळीदार दांडी आणि तिच्या टोकाला चकचकीत पातळ पडद्याचे शीड. असे विचित्र ध्यान कशासाठी?

याचे उत्तर त्या ढगांच्या चित्रात आहे. इन्सॅट-१ ची कल्पना मोठी महत्त्वाकांक्षी होती. दूरध्वनी, दूरदर्शनचे प्रक्षेपण आणि हवामानाची निरीक्षणे ही तिन्ही कामे एकाच भूस्थिर उपग्रहाकडून करून घ्यायची. गरीब देशाने तीन उपग्रह कुठून आणायचे? त्यासाठी दळणवळणाच्या यंत्रांशेजारी एक कॅमेरा बसवला. तो दिवसा दृश्य प्रकाशात आणि रात्रंदिवस अवरक्त किरणांत चित्रे घेई. अवरक्त किरण म्हणजे उष्णतेचे किरण. ते टिपणारा संवेदक स्वतःच गरम असेल तर त्याला स्वतःच्याच उष्णतेशिवाय काही दिसणार नाही. म्हणून तो शून्याखाली दीडशे अंश सेल्सियसहूनही थंड ठेवावा लागतो. अवकाशात हे काम फुकटात होते : संवेदकाला जोडलेला एक थंडावणारा पत्रा काळ्या रिकाम्या आकाशाकडे उघडा ठेवायचा, तो आपली उष्णता बाहेर टाकत राहतो. अट एकच. त्या पत्र्यासमोर काही ऊबदार नको. उत्तरेकडे सौरपंख असता तर उन्हात तापलेल्या त्या पंखाची धग थेट पत्र्यावर आली असती. म्हणून उत्तरेचा पंख काढून टाकला आणि सगळी वीज दक्षिणेच्या एकाच पंखाकडून घ्यायचे ठरवले.

इथे प्रकाशाचा दाब मध्ये येतो. त्या मुलीचा पहिला प्रश्न आता घ्यायला हवा.

प्रकाशाला वस्तुमान नसते, पण ऊर्जा असते आणि तो वाहून नेत असलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात संवेगही असतो. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग असे आपण आठवी-नववीत शिकवतो. ही व्याख्या दगडापुरती, चेंडूपुरती बरोबर आहे. प्रकाशासाठी संवेग म्हणजे ऊर्जा भागिले प्रकाशाचा वेग. हे सूत्र जेम्स क्लार्क मॅक्सवेलच्या विद्युतचुंबकीय सिद्धांतातून निघते, त्यासाठी आइन्स्टाइनपर्यंत थांबावे लागत नाही. पृथ्वीच्या अंतरावर, वातावरणाच्या बाहेर, सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठावर दर सेकंदाला सुमारे १३६१ ज्यूल ऊर्जा पडते. याला ३० कोटी मीटर प्रति सेकंद या वेगाने भागा : साडेचार मायक्रोन्यूटन. पृष्ठ काळे असेल तर एवढा जोर. आरसा असेल तर प्रकाश उलट फिरतो, संवेगातला बदल दुप्पट होतो, म्हणून जोर नऊ मायक्रोन्यूटन.

हे किती लहान आहे ते वडवणीच्या मुलांना मी रानाच्या मापात सांगितले. एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर कापसाच्या रानावर कडेपासून कडेपर्यंत आरसे अंथरले आणि वातावरण नाही असे धरले, तर डोक्यावरच्या सूर्याचा त्या सगळ्या रानावर मिळून पडणारा जोर नऊ ग्रॅम वजनाइतका. पूर्वीचे जाडजूड पाच रुपयांचे नाणे बरोबर तेवढ्या वजनाचे होते. अडीच एकरावर मिळून एक नाणे!

आता उपग्रहाकडे येऊ. आकडे मी मुद्दाम गोल घेते. पंखाचे क्षेत्रफळ १० चौरस मीटर आणि त्याचा मध्य यानाच्या मध्यापासून ४ मीटरवर असे माना. सौरपंख बहुतेक प्रकाश शोषतो, थोडा परत फेकतो; त्यावरचा जोर ५० मायक्रोन्यूटन धरू. चार मीटरच्या दांडीने तो यानाला फिरवू बघतो : ०.०००२ न्यूटन-मीटर. यानाचे जडत्व आघूर्ण १००० किलोग्रॅम-चौरस मीटर असेल आणि थांबवणारे काहीच नसेल तर एका तासात यान किती वळेल? अकरावीच्या मुलांना हे गणित जरूर घालावे. उत्तर सत्तर अंशांच्या पुढे येते. जमिनीवर हा जोर कोणत्याही बिजागरीच्या घर्षणात विरून गेला असता. अवकाशात घर्षण नाही.

प्रत्यक्षात यान इतक्या सहज वळत नाही, कारण आत वेगाने फिरणारी जड चाके असतात. फिरता भोवरा जसा कलायला तयार नसतो, तसे ती चाके यानाला धरून ठेवतात. पण पंख सतत सूर्याकडे तोंड करून असतो आणि सूर्य आज जिथे आहे त्याच बाजूला साधारणपणे उद्याही असतो. त्यामुळे हा नाजूक रेटा दिवसेंदिवस एकाच दिशेने साठत जातो. शेवटी कधीतरी छोटे धुराडे पेटवून, इंधन खर्चून तो उतरवावा लागतो. आणि भूस्थिर उपग्रहाचे आयुष्य म्हणजे त्याच्या टाकीतले इंधन. यंत्रे ठणठणीत असली तरी इंधन संपले की उपग्रह संपला.

याला तोड म्हणजे कावड. एका टोकाला घागर आणि दुसरे टोक रिकामे असेल तर कावड खांद्यावर टिकत नाही. दुसऱ्या टोकाला काहीतरी अडकवायलाच हवे. पण तिथे दुसरा पंख लावता येत नाही, कॅमेऱ्याच्या पत्र्याला तो चालत नाही. मग त्या बाजूची काठी खूप लांब करायची आणि टोकाला लहानसे काहीतरी बांधायचे. लांबवरचे लहान शीड पत्र्याला फारसे उबवत नाही, आणि दांडी लांब असल्यामुळे थोड्याशा प्रकाशातही पंखाची बरोबरी करते. सूर्याचा दाब सूर्याच्याच दाबाने तोलायचा, इंधन न जाळता.

पुढच्या फेरीत मुलांना हे करूनही दाखवले. एक फूटपट्टी मधोमध दोऱ्याने आडवी टांगा. एका टोकाला पोस्टकार्ड उभे चिकटवा, दुसऱ्या टोकाला चिकणमातीचा गोळा लावून पट्टी समतोल करा. टेबलफॅन लांबून, अगदी हळू सोडा. पट्टी गर्रकन फिरते, वजनाचा तोल बरोबर असूनही. मग गोळ्याच्या बाजूला विणकामाची लांब सुई जोडून टोकाला अर्धे पोस्टकार्ड दुप्पट अंतरावर लावा आणि मातीने वजन पुन्हा जुळवून घ्या. पट्टी डुलते, पण फिरत नाही. मोठ्या वर्गात हे मागच्या बाकापर्यंत दिसते. पंख्याची हवा म्हणजे प्रकाश नव्हे, एवढे मात्र सांगायला विसरू नये.

प्रकाश ढकलतो ही कल्पना पुष्कळ जुनी आहे. शेंडेनक्षत्राची, म्हणजे धूमकेतूची शेपटी नेहमी सूर्याच्या उलट दिशेला असते हे युरोपात सोळाव्या शतकात नोंदले गेले होते. योहानेस केप्लरने १६१९ मध्ये धूमकेतूंवरच्या ग्रंथात म्हटले की सूर्याचे किरणच ही शेपटी मागे लोटत असावेत. त्याआधी १६१० मध्ये गॅलिलिओला लिहिताना त्याने आकाशातल्या वाऱ्यावर चालणाऱ्या जहाजांची आणि शिडांची कल्पना केली होती. केप्लरचे अनुमान धुळीच्या शेपटीपुरते बरोबर ठरले. धूमकेतूला दुसरीही एक शेपटी असते, सरळ आणि निळसर. तिला सूर्यातून सुटणारे विद्युतभारित कण, म्हणजे सौरवारा, उडवतो. १९९७ मध्ये हेल-बॉप धूमकेतूच्या या दोन्ही शेपट्या वेगवेगळ्या दिसत होत्या. आमच्या गावच्या काळ्याभोर आकाशात त्या मी गच्चीवरून पाहिल्या आहेत. जाता जाता सांगते, 'सौर शीड सौरवाऱ्यावर चालते' असे वाक्य बऱ्याच पुस्तकांत सापडते ते चूक आहे. सौरवाऱ्याचा दाब प्रकाशाच्या दाबापेक्षा हजारो पटींनी कमी असतो.

मॅक्सवेलने १८७३ च्या आपल्या ग्रंथात प्रकाशाचा दाब गणिताने दाखवला. त्याच सुमारास लंडनमध्ये विल्यम क्रुक्सने एक यंत्र केले. काचेच्या गोळ्यातली बरीचशी हवा काढून आत चार पात्यांची भिरभिरी. प्रत्येक पाते एका अंगाने काळे, दुसऱ्या अंगाने चकचकीत. उजेड पडला की भिरभिरी फिरू लागते. मोठ्या शाळांच्या प्रयोगशाळांत ती अजून असते आणि 'प्रकाशाचा दाब' म्हणून दाखवली जाते. मीही शाळेत तशीच शिकले. ती उलटी फिरते, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही! प्रकाश चकचकीत बाजूला दुप्पट ढकलतो, तेव्हा चकचकीत बाजू मागे सरायला हवी. प्रत्यक्षात काळी बाजू मागे सरते. गोळ्यात उरलेली थोडी हवा तापलेल्या काळ्या बाजूशी जो खेळ करते, त्यामुळे हे घडते. तुमच्या शाळेत हे यंत्र असेल तर मुलांना आधी दिशा ओळखायला सांगा आणि मगच झडप उघडा.

खरा दाब मोजायला १९०० साल उजाडावे लागले. मॉस्कोच्या प्योत्र लेबेदेवने उत्तम निर्वात गोळ्यात अतिशय पातळ पाती टांगून तो मोजला. अमेरिकेत निकोल्स आणि हल यांनी तो १९०३ पर्यंत आणखी अचूक मोजला. आपल्याकडे १९१८ मध्ये कोलकात्यात मेघनाद साहा यांनी एस. चक्रवर्ती यांच्यासह हाच प्रयोग केला. साहा तेव्हा पंचविशीत होते. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवले की हा दाब सगळ्या अणूंवर सारखा नसतो. जो अणू ज्या रंगाचा प्रकाश शोषतो त्या रंगाचाच रेटा त्याला लागतो, आणि म्हणून सूर्याच्या वरच्या थरांत काही अणू गुरुत्वाकर्षणाला न जुमानता तरंगत राहू शकतात. साहांचे नाव आपण त्यांच्या आयनीभवनाच्या समीकरणासाठी घेतो. त्याआधीची ही पायरी पाठ्यपुस्तकात येत नाही, हे मला खटकते.

पुढे रशियात त्सिओल्कोव्हस्की आणि त्सांडर यांनी १९२० च्या दशकात पातळ आरशांवर प्रकाश झेलून ग्रहांवर जाण्याची कल्पना मांडली. उपग्रह उडू लागल्यावर हा दाब आधी उपद्रव म्हणूनच भेटला. १९६० मध्ये सोडलेला एको-१ हा तीस मीटर व्यासाचा चकचकीत फुगा होता. वजनाला हलका आणि आकाराने प्रचंड, त्यामुळे सूर्यप्रकाशाने त्याची कक्षा स्पष्ट दिसेल इतकी ढकलली. बुधाकडे गेलेल्या मरिनर-१० ने १९७४-७५ मध्ये या उपद्रवाचाच उपयोग करून घेतला. इंधन संपत आले तेव्हा नियंत्रकांनी त्याचे सौरपंख तिरके करून, प्रकाशाच्या रेट्यावर यानाचा तोल सांभाळला.

त्याच दशकाच्या अखेरीस इन्सॅट-१ चा आराखडा होत होता. उपग्रह अमेरिकेतील फोर्ड एअरोस्पेस कंपनीकडून बांधून घ्यायचे होते, गरज आणि अटी आपल्या. पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे यांच्याकडे इन्सॅट-१ च्या अवकाश विभागाच्या प्रकल्पाची धुरा होती. उपग्रह हाकण्यासाठी कर्नाटकात हासन येथे नियंत्रण केंद्र उभे राहिले.

१० एप्रिल १९८२ रोजी इन्सॅट-१ए केप कॅनाव्हरलहून डेल्टा अग्निबाणाने गेला. संकटे लगेच सुरू झाली. एक अँटेना उघडेना. तो पुष्कळ खटपटीनंतर मोकळा झाला. शीड मात्र उघडलेच नाही. घडी घालून ठेवलेली ती लांब दांडी जागीच राहिली. कावडीचे एक टोक रिकामे राहिले आणि साठणारा रेटा इंधन जाळून उतरवणे भाग पडले. ६ सप्टेंबर १९८२ रोजी तोल सांभाळण्याचे इंधन संपले आणि उपग्रह सोडून द्यावा लागला. सात वर्षे चालेल या अपेक्षेने पाठवलेला उपग्रह पाच महिन्यांत गेला.

'शीड न उघडल्यामुळे इन्सॅट-१ए गेला' असे एका वाक्यात अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. मला ते पुरेसे वाटत नाही, आणि याचे कारण आपण वर केलेले गणितच आहे. ०.०००२ न्यूटन-मीटरचा रेटा दिवसभरात, म्हणजे ८६,४०० सेकंदांत, सुमारे १७ न्यूटन-मीटर-सेकंद साठवतो. यानाच्या मध्यापासून मीटरभर अंतरावरच्या धुराड्याने तो उतरवायचा आणि धुराड्यातून वायू सेकंदाला अडीच किलोमीटर वेगाने बाहेर पडतो असे धरले, तर रोज सुमारे सात ग्रॅम इंधन लागेल. पाच महिन्यांत एक किलो. माझे आकडे गोल आहेत. प्रत्यक्षातला खर्च चौपट धरला तरी चार किलो होतात. तेवढ्याने भूस्थिर उपग्रहाची टाकी रिकामी होत नाही. शीड नसल्याने आयुष्य घटले होते, सांभाळण्याचे काम अवघड झाले होते आणि चुकीला जागा उरली नव्हती. त्या अवस्थेत सप्टेंबरच्या सुरुवातीला उपग्रहाचे पृथ्वीकडचे तोंड ढळले आणि ते परत वळवण्याच्या धडपडीत उरलेले इंधन गेले. लंगड्या माणसाला ठेच लागावी तसे हे झाले.

मुलांना अपघातांची गोष्ट सांगताना एकच खलनायक शोधायची आपल्याला सवय असते. इथे आकडेमोड केली की तो सापडत नाही. मला वाटते, वर्गात या गोष्टीचा सर्वात उपयोगी भाग हाच आहे. पाच मिनिटांचे गुणाकार-भागाकार छापील वाक्याला प्रश्न विचारू शकतात.

पुढचा इन्सॅट-१बी ३० ऑगस्ट १९८३ रोजी चॅलेंजर या अवकाशयानातून गेला. त्याचाही सौरपंख अडकला. आधीचा उपग्रह नुकताच गमावलेल्या लोकांनी ते दिवस कसे काढले असतील याची कल्पनाच करावी. सप्टेंबरच्या मध्यावर पंख उघडला आणि मग या उपग्रहाने जवळजवळ सात वर्षे भार वाहिला. देशभर दूरदर्शनची केंद्रे त्याच्या आधाराने उभी राहिली. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम त्यावरून सुरू झाले. पुण्याच्या बालचित्रवाणीचे कार्यक्रम ज्यांनी शाळेच्या टीव्हीवर मुलांना दाखवले ते शिक्षक आता निवृत्तीला आले असतील, काही झालेही असतील. आणि त्याचीच ढगांची चित्रे दिल्लीच्या हवामान खात्यातून आमच्या आळीतल्या टीव्हीपर्यंत पोचत होती.

इन्सॅट-१डी १९९० मध्ये गेला आणि चांगला टिकला. त्यानंतरची मालिका आपण स्वतः बांधली. बंगलोरच्या उपग्रह केंद्रात तयार झालेला इन्सॅट-२ए १० जुलै १९९२ रोजी युरोपच्या एरियन अग्निबाणाने गेला. त्यालाही एका बाजूला पंख आणि दुसऱ्या बाजूला शीड होते. घडी घालून लहानशा डब्यात मावणारी आणि अवकाशात सरळ लांब होणारी जाळीदार दांडी करणे हे मोठे नाजूक काम. पहिल्या वेळी विकत घेतलेल्या उपग्रहात नेमके तेच फसले होते. १९९९ मधल्या इन्सॅट-२ई वर आणि २००३ मधल्या इन्सॅट-३ए वरही हवामानाची यंत्रे होती आणि त्यांच्याबरोबर शीडही होते.

अमेरिकेच्या हवामान उपग्रहांनीही पुढे हाच मार्ग धरला. त्यांचा गोज-८ हा उपग्रह १३ एप्रिल १९९४ रोजी गेला. एका बाजूला सौरपंख, दुसऱ्या बाजूला लांब दांडीवर शंकूसारखे शीड, कारण तेच : थंड ठेवायचा संवेदक. तो बांधणारी कंपनी म्हणजे फोर्ड एअरोस्पेसच, नाव बदललेली. हे इन्सॅटवरूनच उचलले असे मी म्हणणार नाही. पण भूस्थिर कक्षेत असा तोल इन्सॅटने बारा वर्षे आधी करून पाहिला होता, हे तारखा सांगतात.

फळ्यावर काढलेल्या पतंगाची हकिगत तशी थोडक्यात सांगता येते. १९७६-७७ मध्ये अमेरिकेत हॅलेच्या धूमकेतूला गाठण्यासाठी सुमारे ८०० मीटर बाजूच्या शिडाचा आराखडा झाला आणि तो कागदावरच राहिला. प्रकाशाच्या बळावर ग्रहांदरम्यान प्रवास केलेले पहिले शीड जपानचे. इकारोस, मे २०१० : १४ मीटर बाजूचा चौकोन, जाडी साडेसात मायक्रोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. त्याला मिळालेला रेटा १.१२ मिलिन्यूटन मोजला गेला आणि डिसेंबर २०१० मध्ये ते शुक्राजवळून गेले. ३१० किलोच्या यानाला एवढा रेटा दिवसाकाठी सेकंदाला सुमारे ३० सेंटिमीटर वेग वाढवून देतो. सायकलच्या वेगाला पोचायला यानाला पंधरा दिवस लागतील. पण शीड थकत नाही आणि टाकीही संपत नाही. २०१९ मध्ये लोकवर्गणीतून उडवलेल्या लाइटसेल-२ ने पृथ्वीभोवतीच आपली कक्षा शिडाने बदलून दाखवली. २०२४ मध्ये नासाने ८० चौरस मीटरच्या शिडाच्या नव्या दांड्या तपासल्या; दांडी नीट उघडणे हा प्रश्न अजूनही तितकाच जिवंत आहे. जमिनीवरून प्रचंड लेसरने ग्रॅमभर वजनाची शिडे शेजारच्या ताऱ्याकडे उडवण्याची योजना २०१६ मध्ये जाहीर झाली होती. तिच्यातले आकडे वाचायला मजा येते. मी मात्र तिच्यावर वर्गात फार वेळ घालवत नाही.

त्या दोघी मुलींना मी दुसऱ्या फेरीत इन्सॅटची गोष्ट सांगितली आणि आधीचे उत्तर चुकले होते हेही सांगितले. पहिलीने विचारले, "मग तो मेलेला उपग्रह आता कुठंय?" तो अजून वरच आहे. ३६,००० किलोमीटरवर हवा नाही, त्यामुळे तिथले उपग्रह खाली येत नाहीत. गोज-८ सारखे निवृत्त उपग्रह खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीतून बघतात तेव्हा त्यांच्या चमकण्यातून दिसते की ते कोलांट्या घेत आहेत आणि या कोलांट्यांचा वेग वर्षागणिक बदलतो आहे. चाके थांबलेली, इंधन संपलेले, आज्ञा देणारे कोणी नाही. वेग बदलणारा रेटा सूर्यप्रकाशाचा आहे. इन्सॅट-१ए ला तर तोल धरणारे शीडही नाही. एकच पंख आहे, आणि १९८२ च्या सप्टेंबरपासून ऊन त्याला ढकलते आहे.